वनडेतल्या विक्रमी भागीदाऱ्या: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव परिसरातल्या टेनिस बॉल स्पर्धांत मी बरीच वर्षं स्कोअरबुक लिहितो. मांडवाखाली टेबल, बाजूला माईक, त्यावर अर्धं मराठी नि अर्धं कानडी समालोचन, आणि टेबलाभोवती प्रश्न विचारणारी पोरं. शतकं, षटकार सगळ्यांना पाठ असतात. अडतं ते भागीदारीपाशी. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय वनडेचे समजावेत.

१. भागीदारी म्हणजे दोघांच्या धावांची बेरीज ना?

नाही. सर्वांत जास्त चूक इथेच होते. एक विकेट पडल्यापासून पुढची पडेपर्यंत संघाच्या धावसंख्येत जेवढी भर पडली, ती भागीदारी. वाइड, नो बॉल, बाय, लेग बाय सगळं त्यात येतं.

वनडेतली सर्वांत मोठी भागीदारीच बघा. २४ फेब्रुवारी २०१५, कॅनबेरा, विश्वचषकात वेस्ट इंडिज विरुद्ध झिम्बाब्वे. ड्वेन स्मिथ डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर गेला, तेव्हा फलकावरही शून्यच होतं. मग ख्रिस गेल आणि मार्लन सॅम्युअल्स खेळत राहिले ते थेट डावाच्या शेवटच्या चेंडूपर्यंत, आणि त्या चेंडूवर गेल बाद झाला. गेल २१५, सॅम्युअल्स नाबाद १३३. बेरीज ३४८ होते, पण भागीदारी ३७२ची आहे. मधल्या २४ धावा अवांतर.

आपल्याकडचे कानडी समालोचक भागीदारीला 'जोतेयाट' म्हणतात. जोते म्हणजे सोबत, आट म्हणजे खेळ. मला हा शब्द फार आवडतो. 'भागीदारी'त वाटणी ऐकू येते, 'जोतेयाट'मध्ये नुसती सोबत.

२. 'चौथ्या विकेटसाठी भागीदारी' म्हणजे चार विकेट पडल्यावरची का?

तीन पडल्यावरची. चौथी विकेट पडेपर्यंत जी चालते ती चौथ्या विकेटची. सलामीची जोडी पहिल्या विकेटसाठी खेळते, शेवटची दहाव्यासाठी. फलंदाज कितव्या क्रमांकावर आला याच्याशी याचा संबंध नाही.

३. पहिल्यापासून दहाव्या विकेटपर्यंतचे विक्रम एकदा सलग सांगा.

पहिली विकेट: ३६५, जॉन कॅम्पबेल आणि शाय होप, वेस्ट इंडिजकडून आयर्लंडविरुद्ध, डब्लिन, मे २०१९. दुसरी: वर सांगितलेली ३७२. तिसरी: २५८, डॅरेन ब्राव्हो आणि दिनेश रामदिन, बांगलादेशविरुद्ध, ऑगस्ट २०१४. म्हणजे वरच्या तिन्ही जागा वेस्ट इंडिजकडे.

चौथी आपली: मोहम्मद अझरुद्दीन नाबाद १५३, अजय जडेजा नाबाद ११६, झिम्बाब्वेविरुद्ध कटकला, ९ एप्रिल १९९८. ३ बाद २६ वरून ३ बाद ३०१. नाबाद २७५. पाचवी: नाबाद २५६, डेव्हिड मिलर आणि जेपी ड्युमिनी, दक्षिण आफ्रिका, पुन्हा झिम्बाब्वेविरुद्ध, हॅमिल्टन, २०१५. सहावी: नाबाद २६७, ल्यूक राँकी आणि ग्रँट एलियट, न्यूझीलंड, श्रीलंकेविरुद्ध, डनेडिन, त्याच वर्षी. सातवी: १७७, जोस बटलर आणि आदिल रशीद, इंग्लंड, न्यूझीलंडविरुद्ध, बर्मिंगहॅम, तेही २०१५.

आठवी, नववी आणि दहावी यांच्याबद्दल सविस्तर प्रश्न ८ मध्ये लिहिलं आहे. त्या तिन्ही गोष्टी एका ओळीत उरकण्यासारख्या नाहीत.

४. तीनशेच्या वर किती भागीदाऱ्या झाल्या? त्यात भारताच्या किती?

पाच. ३७२ आणि ३६५ वर आल्याच. मग सचिन तेंडुलकर–राहुल द्रविड ३३१, सौरव गांगुली–राहुल द्रविड ३१८, आणि पाकिस्तानच्या फखर झमान–इमाम उल हक यांची ३०४ची सलामी (बुलावायो, २०१८). ईशान किशन आणि विराट कोहलीची डिसेंबर २०२२ मधली चट्टोग्रामची भागीदारी २९०वर तुटली. जरा थोडक्यात हुकली.

या पाचांत दोनदा नाव असलेला खेळाडू एकच: द्रविड. आणि दोन्ही वेळा वर्ष १९९९.

कोणत्याही विकेटसाठीचा सर्वोच्च विक्रम एप्रिल १९९८ पासून फेब्रुवारी २०१५ पर्यंत भारताकडेच होता, हे फार कमी जणांच्या ध्यानात असतं. आधी अझर–जडेजाची २७५, मग टाँटनची ३१८, मग हैदराबादची ३३१. टाँटनचा विक्रम साडेपाच महिनेच टिकला, हैदराबादचा पंधरा वर्षांहून जास्त.

५. सचिन–द्रविडची ३३१ नक्की कशी झाली? आणि ती आपली म्हणायची की त्यांची?

हा प्रश्न फक्त आपल्या भागातूनच येऊ शकतो, आणि दर मोसमात येतो. घरी मराठी, दारात कर्नाटक, आणि रणजी करंडकात मुंबई–कर्नाटक लागलं की एकाच बाकावर दोन पक्ष. म्हणून जरा सावकाश सांगतो.

८ नोव्हेंबर १९९९, हैदराबादचं लालबहादूर शास्त्री स्टेडियम, समोर न्यूझीलंड. गांगुली ४ धावांवर धावबाद झाला, भारत १ बाद १०. पुढची विकेट पडली ती ३४१ वर. द्रविड १५३ करून गेला, सचिन १८६ वर नाबाद राहिला. भारत २ बाद ३७६. सचिनचा १८६ हा तेव्हा भारतीयाचा वनडेतला सर्वोच्च डाव होता.

आता आपली की त्यांची. द्रविडचा जन्म इंदूरच्या मराठी कुटुंबातला, क्रिकेट सगळं बंगळूरचं, रणजी कर्नाटकाकडून. सचिन मुंबईचा. म्हणजे मैदानाच्या एका टोकाला मुंबईचा मराठी माणूस आणि दुसऱ्या टोकाला कर्नाटकाचा मराठी माणूस. बेळगावच्या माणसाने यात बाजू कशाला निवडायची? मी दोन्ही नावं एकाच शाईने लिहितो.

त्याच वर्षाची आणखी एक आठवण ठेवा. मे महिन्यात विश्वचषक चालू असताना सचिनचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर गेले. अंत्यसंस्कार करून सचिन इंग्लंडला परतला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० काढल्या. समोरच्या टोकाला तेव्हाही द्रविडच होता, नाबाद १०४. तिसऱ्या विकेटसाठी नाबाद २३७. तिथून तीनच दिवसांनी, २६ मे रोजी, टाँटनला श्रीलंकेविरुद्ध सदागोपन रमेश पहिल्याच षटकात गेला आणि गांगुली (१८३) व द्रविड (१४५) यांनी ३१८ जोडल्या. वनडेतली तीनशेची पहिली भागीदारी ती. एका वर्षात २३७, ३१८, ३३१, आणि तिन्हींत द्रविड. त्याला संथ म्हणणाऱ्यांनी हे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

६. एका डावाचं सोडा. आयुष्यभरात एकत्र सर्वांत जास्त धावा कोणत्या जोडीच्या?

सचिन–गांगुली. १७६ डावांत ८,२२७ धावा, २६ शतकी भागीदाऱ्या. त्यातल्या ६,६०९ धावा सलामीला आलेल्या, बाकीच्या इतर विकेटसाठी. 'सलामीची जोडी' आणि 'जोडी' हे दोन वेगळे हिशेब आहेत, तिथे गल्लत करू नका. दुसऱ्या क्रमांकावर श्रीलंकेचे महेला जयवर्धने आणि कुमार संगकारा, ५,९९२. मधलं अंतर दोन हजारांहून जास्त आहे. रोहित शर्माने शिखर धवनबरोबर आणि कोहलीबरोबर, दोन्हीकडे पाच हजारांचा टप्पा ओलांडला आहे.

७. भागीदारीची सरासरी कशी काढतात? ८,२२७ ला १७६ ने भागलं तर छापील आकडा येत नाही.

येणारच नाही. नाबाद राहिलेल्या भागीदाऱ्या भाजकातून वगळायच्या, जसं फलंदाजाच्या सरासरीत नाबाद डाव वगळतात. सचिन–गांगुली तीनदा अभेद्य राहिले. १७६ उणे ३ म्हणजे १७३. आता भागा: ४७.५५. हाच छापील आकडा.

८. शेपटाने, म्हणजे तळाच्या फलंदाजांनी, केलेल्या सर्वांत मोठ्या भागीदाऱ्या कोणत्या? एकट्यानेच मारलेल्या धावांना भागीदारी का म्हणायचं?

दुसरा अर्धा प्रश्न एका अंतिम सामन्यानंतर मला फार तावातावाने विचारला गेला होता. दहाव्या क्रमांकावरच्या पोराने एकही धाव न काढता चार षटकं तग धरला होता, आणि त्याच्या कप्तानाचं म्हणणं होतं की त्याचं नाव भागीदारीत नको. मी नाव लिहिलं. का लिहिलं, ते खालच्या आकड्यांवरून कळेल.

आठवी विकेट: ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे. अफगाणिस्तानविरुद्ध २९२ हव्या होत्या आणि ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. तिथून ग्लेन मॅक्सवेल आणि पॅट कमिन्स यांनी नाबाद २०२ जोडल्या. मॅक्सवेल नाबाद २०१. पाय गोळ्यांनी आखडलेले, धावता येत नाही, उभं राहून मारतोय. कमिन्सच्या धावा किती? बारा. चेंडू किती? अडुसष्ट. मॅक्सवेलला जे चेंडू हवे होते ते कमिन्स राहिला म्हणूनच मिळाले. तो दहाव्या चेंडूवर गेला असता तर आज मॅक्सवेलची ती खेळीही कुणाला आठवली नसती.

दहावी विकेट: ३१ मे १९८४, मँचेस्टर. वेस्ट इंडिज ९ बाद १६६. व्हिव्ह रिचर्ड्स आणि मायकल होल्डिंग यांनी नाबाद १०६ जोडल्या, रिचर्ड्स नाबाद १८९. होल्डिंगच्या धावा? त्याच बारा, नाबाद. चाळीस वर्षं उलटली, हा विक्रम कुणी मोडलेला नाही. 'नाबाद १२' लिहिताना माझा हात आता नेहमी जरा थांबतो.

नववी विकेट: अँजेलो मॅथ्यूज आणि लसिथ मलिंगा, मेलबर्न, ३ नोव्हेंबर २०१०. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २४० हव्या, श्रीलंका ८ बाद १०७. दोघांनी १३२ जोडल्या आणि धावसंख्या बरोबरीत असताना मलिंगा ५६ वर धावबाद झाला. मग मुरलीधरनने चौकार मारून सामना संपवला.

त्या दोघांनी जो विक्रम मोडला तो आपला होता, सत्तावीस वर्षांचा. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७. कपिलदेव नाबाद १७५ सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या डावात कर्नाटकाच्या दोघांनी कपिलला सोबत दिली. आधी रॉजर बिन्नीने, दोघांनी १७ वरून ७७ पर्यंत नेलं. आणि ८ बाद १४० झाल्यावर सय्यद किरमाणींनी. कपिल–किरमाणी नाबाद १२६, त्यात किरमाणींच्या नाबाद २४.

विक्रमांच्या यादीत नाही, पण इकडच्या माणसांच्या मनात आहे ती आणखी एक: २१ ऑक्टोबर १९९६, बंगळूर, टायटन कप. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २१६ हव्या होत्या, सचिन ८८ करून गेला, ८ बाद १६४. जवागल श्रीनाथ आणि अनिल कुंबळे, घरचं मैदान, नाबाद ५२, सामना खिशात. बावन्न हा आकडा लहान आहे. ती रात्र लहान नव्हती.

९. हे मोठे विक्रम झिम्बाब्वे, आयर्लंड यांच्याविरुद्धच का? मग त्यांची किंमत किती?

निरीक्षण बरोबर आहे: ३७२, ३०४, चौथ्या आणि पाचव्या विकेटचे विक्रम झिम्बाब्वेविरुद्ध, ३६५ आयर्लंडविरुद्ध. गोलंदाजी कमी धारदार असली की सुटण्याची संधी जास्त, हे उघड आहे. शिवाय ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगळा नवा चेंडू आला. चेंडू जुना होईना, रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट्या दिशेने वळणं) कमी झालं, जमलेली जोडी फोडणं अवघड झालं. २०१५ मधले आकडे एवढे फुगलेले दिसतात त्यामागे हेही आहे. जुलै २०२५ पासून ३४ षटकांनंतर एकच चेंडू वापरायचा नियम झाला आहे.

विक्रम तो विक्रम, तो खोडायचा नाही. पण मला विचाराल तर मोल धावफलकावरून ठरवावं. १५ जानेवारी २०१७, पुणे. इंग्लंडविरुद्ध ३५१ हव्या, ४ बाद ६३. कोहली (१२२) आणि पुण्याचाच केदार जाधव (१२०) यांनी २०० जोडल्या आणि भारत जिंकला. माझ्या लेखी ही २०० कित्येक २५०ंच्या वर आहे.

१०. एक फलंदाज जखमी होऊन बाहेर गेला आणि दुसरा आला. भागीदारी तीच की नवी?

नवी. पण विकेट तीच! सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात.

१५ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंडविरुद्ध. संघाच्या ७१ धावा असताना रोहित पहिला गेला. १ बाद १६४ असताना शुभमन गिल पायात गोळे आल्याने बाहेर पडला. विकेट पडलेली नाही, म्हणून गिल–कोहली नाबाद ९३ अशी नोंद झाली. श्रेयस अय्यर आला, आणि ३२७ वर कोहली बाद होईपर्यंत १६३ची भागीदारी झाली. दुसऱ्या विकेटसाठी संघाने २५६ धावा जोडल्या, पण २५६ची भागीदारी कुणाच्याच नावावर नाही. गिल शेवटी परत आला, तोवर विकेट पुढच्या होत्या. ती पुन्हा निराळी भागीदारी.

जाणत्यांसाठी कसोटीतलं उदाहरण: जानेवारी १९८२, चेन्नई, इंग्लंडविरुद्ध तिसऱ्या विकेटला ४१५ धावा. आपले दिलीप वेंगसरकर आणि गुंडाप्पा विश्वनाथ ९९ जोडतात, वेंगसरकर जखमी होऊन बाहेर, मग यशपाल शर्मा येऊन विश्वनाथबरोबर ३१६ जोडतो.

दुखापत नसताना फलंदाज स्वतःहून निघून गेला आणि परत आला नाही, तर तो 'निवृत्त बाद'. तिथे विकेट मोजायची.

११. शून्य चेंडूंची भागीदारी असू शकते का?

असते. ६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली, श्रीलंका विरुद्ध बांगलादेश. १३५ वर चौथी विकेट पडली. मॅथ्यूज आला, हेल्मेटचा पट्टा तुटला, वेळ गेला, अपील झालं, आणि एकही चेंडू न खेळता तो 'टाइम्ड आउट'. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला असा पहिला बाद. ५ बाद १३५. पाचव्या विकेटची भागीदारी: शून्य धावा, शून्य चेंडू. नवव्या विकेटच्या विक्रमातला मॅथ्यूज तो हाच (प्रश्न ८).

१२. रनर (जखमी फलंदाजाच्या वतीने धावणारा) घेतला तर भागीदारी कुणाची?

फलंदाजाची. रनरचं नाव भागीदारीत येत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०११ पासून रनर बंदच आहे. आपल्या गावच्या स्पर्धांत जिथे अजून देतात तिथेही हाच नियम लावा.

१३. दोन वेगळ्या देशांच्या खेळाडूंची भागीदारी वनडे विक्रमात येऊ शकते?

आली होती. १० जून २००७, चेन्नई, आशिया एकादश विरुद्ध आफ्रिका एकादश. त्या सामन्यांना आयसीसीने वनडेचा दर्जा दिला होता. महेंद्रसिंह धोनी (नाबाद १३९) आणि महेला जयवर्धने (१०७) यांनी सहाव्या विकेटसाठी २१८ जोडल्या. २०१५ मध्ये राँकी–एलियट येईपर्यंत तो त्या विकेटचा विक्रम होता. सीमेवरच्या गावांत राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कोल्हापूरचा पाहुणा आणि धारवाडचा पाहुणा एकाच संघातून खेळतातच की.

१४. बेळगावच्या मैदानावर झालेली मोठी भागीदारी कोणती? ती वनडेत धरतात का?

जून २०१९, ऑटोनगरचं केएससीएचं (कर्नाटक क्रिकेट संघटनेचं) मैदान, भारत अ विरुद्ध श्रीलंका अ. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने एका सामन्यात नाबाद १८७ केल्या. पुढच्या सामन्यात २४३ हव्या असताना ऋतुराज (नाबाद १२५) आणि शुभमन गिल (नाबाद १०९) यांनी एकही विकेट न देता दोघांतच सामना संपवला.

वनडेच्या विक्रमांत ती येत नाही. 'अ' संघांच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा नसतो, ते 'लिस्ट अ' प्रकारात, म्हणजे देशांतर्गत वगैरे मोठ्या एकदिवसीय सामन्यांच्या यादीत मोडतात. तिथले आकडे वेगळे आहेत: तमिळनाडूच्या नारायण जगदीशन आणि साई सुदर्शन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळूरला अरुणाचल प्रदेशविरुद्ध ४१६ची सलामी दिली. म्हणून 'मर्यादित षटकांत ३७२ सर्वाधिक' असं कुणी म्हणालं तर लगेच दुरुस्त करा: वनडेत ३७२, लिस्ट अ मध्ये ४१६.

१५. पावसाने रद्द झालेला सामना आणि सुपर ओव्हर?

सामना सुरू होऊन निकालाविना संपला तर झालेली भागीदारी धरतात. सुपर ओव्हरच्या धावा कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

१६. महिला वनडेतला विक्रम कुणाचा?

भारताचा. १५ मे २०१७, पॉचेफस्ट्रूम, आयर्लंडविरुद्ध दीप्ती शर्मा (१८८) आणि मुंबईची पूनम राऊत (१०९) यांनी ३२०ची सलामी दिली. महिला वनडेतली तीनशेची पहिली भागीदारी.

आपल्या शेजारच्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाबद्दलही नेहमी विचारणा होते. तिने प्रतिका रावलबरोबर २३ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध २१२ची सलामी दिली. आठवड्याभरात त्याच मैदानावर, उपांत्य फेरीत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज (नाबाद १२७) आणि हरमनप्रीत कौर (८९) यांनी तिसऱ्या विकेटसाठी १६७ जोडल्या. दुसरीचा आकडा लहान, पण मी आधी तीच सांगतो. कारण प्रश्न ९ मध्ये आलं आहे.

१७. आमच्या गावच्या स्पर्धेत भागीदारी लिहायची आहे. सोपी पद्धत काय?

विकेट पडली की लगेच तीन गोष्टी लिहा: संघाची धावसंख्या, षटक-चेंडू, आणि नाबाद राहिलेल्याचं नाव. आधीच्या विकेटची धावसंख्या वजा केली की भागीदारी हातात. दोघांच्या वैयक्तिक धावा बेरजेला घेऊ नका, प्रश्न १ मधली चूक होईल. कुणी जखमी होऊन गेला तर तिथे आडवी रेघ मारून धावसंख्या टिपा आणि नवी जोडी त्याच विकेटखाली लिहा. शेवटच्या चेंडूवर विकेट पडली तर भागीदारीवर नाबादची खूण करू नका. गेल–सॅम्युअल्सच्या ३७२ वर ती नाही, ती याचमुळे.

आणि दोन्ही नावं पूर्ण लिहा, मग दुसऱ्याच्या धावा शून्य का असेनात.